फुलांबरोबरची चिठ्ठी : बडोद्यातील एका फुलवाल्याच्या सेवेविषयी

माझ्या आत्याला या चैत्रात ७५ वर्षे पूर्ण झाली. ती दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहते, मी मांजलपूरला. संध्याकाळी औक्षणाला आम्ही सगळे जमणारच होतो, परंतु सकाळी ती उठून देवपूजा आटोपून बसते त्या वेळी घरात इतर कोणी आलेले नसताना माझी फुले तिच्या हाती पडावीत, आणि त्यांच्याबरोबर माझे चार शब्द असावेत, अशी माझी इच्छा होती. त्यासाठी मी खंडेराव मार्केटच्या परिसरातील एका फुलांच्या दुकानाची सेवा घेतली. फुले बरी मिळण्याची ठिकाणे बडोद्यात पुष्कळ आहेत. फुलांबरोबरच्या चिठ्ठीची इतकी काळजी घेणारे दुकान मला मात्र हे एकच भेटले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दुकान शोधण्याची वेळ माझ्यावर का आली, ते आधी सांगायला हवे. गेल्या वर्षी पुण्यातल्या मावसबहिणीच्या वाढदिवसाला मी एका ॲपवरून फुले पाठवली होती. संदेशासाठी दिलेल्या चौकटीत १०० खुणांची मर्यादा होती. मराठीत लिहिणाऱ्याला ही मर्यादा किती तोकडी पडते, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ या तीन शब्दांत उच्चाराची अक्षरे १२ आहेत, पण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची खूण स्वतंत्रपणे मोजत असल्याने, दोन मोकळ्या जागा धरून, त्याच्या हिशेबी ती संख्या २९ होते. म्हणजे नुसत्या शुभेच्छांतच जवळजवळ एक तृतीयांश जागा संपते. तरीही मी कसेबसे दोन ओळींत मन मांडले. प्रत्यक्षात बहिणीच्या हातात जे कार्ड पडले, त्यावर तिचे नाव तेवढे रोमन लिपीत होते आणि पुढे रिकाम्या चौकोनांची रांग होती, कारण ज्या यंत्रावर ते छापले गेले त्याच्या टंकात देवनागरी अक्षरेच नव्हती. बहिणीने मला फोन करून विचारले, की तू काय लिहिले होतेस. मी ते फोनवर वाचून दाखवले खरे, पण लिहून पाठवलेली गोष्ट तोंडाने सांगताना तिचा अर्धा अर्थ गळून पडतो, हे मला त्या दिवशी फार जाणवले.

त्यामुळे आत्याच्या वेळी छापील कार्ड नको, हाताने लिहिलेले हवे, हे मी पक्के ठरवले होते. मैत्रिणीने खंडेराव मार्केटचे नाव सुचवले. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १९०६ साली बांधलेली ही इमारत बडोदेकरांना वेगळी सांगायला नको. पुढच्या भागात महानगरपालिकेचे कार्यालय आहे आणि भाजी व फुले घ्यायला शहरातल्या मराठी घरांच्या तीनचार पिढ्या तिथे जात आल्या आहेत. मी सांगते आहे ते दुकान फुलबाजाराच्या एका कडेला आहे. त्याच्या पाटीवर दुकानाचे असे नाव नाहीच, गुजरातीत ‘फूल, हार, बुके’ एवढेच तीन शब्द आहेत. मालक गुजराती आहेत आणि मराठी त्यांना पूर्ण समजते. दुकानाच्या आतल्या अंगाला एक लाकडी मेज आहे आणि तिथे सकाळी आठ ते अकरा या वेळात एक निवृत्त शिक्षिका बसतात. कार्डे लिहिण्याचे काम त्यांचे. दुकानात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही तसेच म्हटले.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी मालकांना सांगितले, की मोठा पुष्पगुच्छ हवा आहे आणि कार्ड हवे आहे. त्यांनी ‘बेन, कार्डमां शुं लखवानुं छे?’ असे विचारत माझ्यापुढे एक नमुन्यांची वही ठेवली. या सेवेतली सगळ्यात उणी बाजू ही वहीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे थांबून लिहिते.

वहीत मराठी, गुजराती आणि हिंदी असे तिन्ही भाषांतले तयार संदेश आहेत. मराठीतले संदेश कोणी तरी घाईघाईने उतरवून घेतलेले असावेत. ‘शुभेच्छा’ ऐवजी अनेक ठिकाणी ‘शुभकामना’ आहे. आपल्या शहरात गुजराती आणि हिंदी कानावर सतत पडत असल्याने तो शब्द आता मराठी घरांतही बोलला जातो आणि मला त्याचा राग नाही, परंतु आत्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला तो कार्डावर वाचताना परका वाटणारच. ‘अभीष्टचिंतन’ हा शब्द प्रत्येक वेळी ऱ्हस्व भि काढून लिहिलेला आहे. या चुका दुरुस्त करता येतील. मला अधिक खटकली ती निराळी गोष्ट. वहीतला जवळपास प्रत्येक संदेश वडीलधाऱ्यांनी लहानांना द्यावा अशा आशीर्वादाच्या सुरात आहे: उदंड आयुष्य लाभो, यशाची शिखरे सर करो, सर्व मनोकामना पूर्ण होवोत. आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली येतो आणि नमस्कार खालून वर जातो. वाढदिवसाच्या दिवशी लहान मुलगासुद्धा आधी वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, आणि मोठ्यांचा वाढदिवस असला तर आपणच त्यांना वाकून नमस्कार करतो. पंच्याहत्तरीच्या आत्याला पन्नाशीच्या भाचीने ‘यशस्वी भव’ म्हणणे मला तरी जमले नसते. ‘शतायुषी व्हा’ हेही मी टाळते. ७५ वर्षांच्या माणसाला शंभर वर्षांची इच्छा बोलून दाखवली, की त्या दोन आकड्यांमधले अंतर त्याच्या मनात मोजले जाते, आणि ते मोजायला आपण कारण का व्हावे? त्या वहीतून पाठवायला योग्य असा एकही संदेश मला सापडला नाही, आणि वडीलधाऱ्यांसाठी वेगळे पान करावे, अशी सूचना मी मालकांना नंतर केली आहे.

वही बाजूला ठेवून मी स्वतःच लिहायला बसले. माझा पहिला मसुदा मी इथे सगळा देत नाही, पण त्यात ‘वात्सल्यसिंधू’, ‘त्यागमूर्ती’ आणि ‘आमच्या घराचा वटवृक्ष’ असे तीनही शब्द होते. लिहिताना मला ते मनापासून वाटत होते. बाईंनी तो कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि फक्त एवढे विचारले, “तुम्ही त्यांना घरी काय म्हणून हाक मारता?” मी म्हटले, नुसते आत्या, आणि अगं-तूगं करते. “मग या कागदावर तुम्ही त्यांना अहो-जाहो का केलं आहे?” माझ्या लक्षातच आले नव्हते. शब्द मोठे झाले तसे संबोधनही आपोआप आदरार्थी झाले होते, आणि ज्या आत्याच्या मांडीवर मी झोपले तिच्याशी मी एखाद्या सत्काराच्या मानपत्रातून बोलत होते.

त्यानंतर बाईंनी तो कागद माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, आधी फुले निवडून घ्या, कार्डाचे नंतर पाहू. ही त्यांची नेहमीची रीत असल्याचे मला नंतर कळले, आणि या दुकानाच्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट मी तिलाच मानते.

मालकांनी फुले दाखवायला सुरुवात केली. चैत्रातल्या उन्हाळ्यामुळे मोगरा भरपूर आला होता. ते म्हणाले, वडील बाईमाणसासाठी आहे तर गुच्छाबरोबर मोगऱ्याची एक वेणी करून देतो. मी त्यांना सांगितले, की काका गेल्यापासून आत्या डोक्यात फूल माळत नाही. आम्ही कोणी तिला तसे सांगितलेले नाही, उलट माळ म्हणून आग्रह केलेला आहे, पण तिने ते सोडले ते सोडलेच. मग मालकांनी विचारले, की तिला कोणती फुले आवडतात. या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. आत्याला कोणतेही फूल दिले, की ती ते हुंगतसुद्धा नाही, कारण हुंगलेले फूल देवाला चालत नाही. ती ते तसेच देवघरात घेऊन जाते. इतक्या वर्षांत तिला दिलेले प्रत्येक फूल देवाला गेले आहे आणि तिचे स्वतःचे आवडते फूल कोणते, हे मला माहीत नाही, असे मी बोलून गेले. मेजावरून बाई म्हणाल्या, “हे कार्डावर यायला हवं. ही फुलं कुणासाठी आहेत, ते सांगा त्यांना.”

मोगऱ्याचे नाव निघाले आणि वेणीचे निघाले, तशी मला दुसरी वेणी आठवली. मी नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात आई बरेच दिवस दवाखान्यात होती आणि मी आत्याकडे राहायला होते. आत्या रोज सकाळी मला वाड्याच्या पायऱ्यांवर बसवून माझी वेणी घालत असे. पहिल्या दिवशी तिने ती इतकी ओढून घातली, की मी रडले, आणि रडले ते खरे तर आईसाठी. पण कारण वेणीचे सांगितले. आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचा हात असा हलका झाला, की केसांतून फणी फिरते आहे हे कळतही नसे. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली आणि मी ती तिच्याशी एकदाही बोललेले नाही. मी हे सगळे दुकानात उभी राहून सांगितले, मालक निशिगंधाच्या दांड्या मोजत होते आणि बाई ऐकत होत्या. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. पाच मिनिटांत मी मजकूर लिहिला, आणि शेवटी कार्डावर गेला तो असा होता:

“तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. आई दवाखान्यात होती त्या उन्हाळ्यात तू रोज सकाळी पायऱ्यांवर बसवून माझी वेणी घातलीस. पहिल्या दिवशी घट्ट झाली म्हणून मी रडले. त्यानंतर ती कधीच दुखली नाही. ही फुले देवाला वाहू नकोस, तुझ्या उशाशी ठेव.”

खाली ‘तुझी’ आणि मला घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव. बाईंनी यात दोनच गोष्टींवर बोट ठेवले. मी आरंभी ‘तीर्थरूप’ लिहिले होते. जुन्या पत्रलेखनाच्या रीतीने आईवडिलांना तीर्थरूप आणि इतर वडीलधाऱ्या नातलगांना तीर्थस्वरूप लिहितात, हा भेद शाळेत शिकलेला असूनही मी विसरले होते, आणि आत्या तो विसरलेली नसणार. दुसरे म्हणजे शेवटी मी ‘तुझे उपकार कधीही फिटणार नाहीत’ असे एक वाक्य जोडले होते. ते त्यांनी स्वतः खोडले नाही; “हे ठेवायचं का, ते तुम्ही ठरवा, मात्र वेणीचं वाचल्यावर त्यांना ते कळलेलंच असेल,” एवढे म्हणाल्या. मी ते काढले. दुसऱ्याच्या मजकुराला हात न लावता त्यातला फाजील शब्द दाखवून देणे अवघड असते, आणि हे काम पैसे घेऊन करणाऱ्या माणसाकडून मला त्याची अपेक्षा नव्हती.

पाकिटावरच्या नावाचा प्रश्न मात्र बाईंनी आपणहून काढला, आणि तो त्यांनी फार हळुवारपणे विचारला. छापील पाकिटांवर ‘सौ.’ आधीच असते. आत्याच्या पिढीतल्या पत्रांत काका गेल्यावर तिच्या नावामागे ‘गं. भा.’ लागू लागले होते आणि ते तिला कधीही रुचले नाही; लग्नपत्रिकेवर तसे छापून आले, की ती पत्रिका उलटी करून ठेवत असे. मी ‘श्रीमती’ लिहायला सांगितले. बाई म्हणाल्या, की अनेकजण याचा विचार न करता नाव सांगून मोकळे होतात आणि मग वाढदिवसाच्या दिवशी पाकीट पाहूनच घरातले माणूस दुखावते, म्हणून त्या प्रत्येकाला हे विचारतात.

आता अक्षराविषयी. बाईंचे हस्ताक्षर सरळ, सुटे आणि ठसठशीत आहे, प्रत्येक शब्दावरची रेघ अखंड आहे. आपल्या शहरात गुजराती लिहिण्याची सवय असलेल्या हाताकडून देवनागरीची ही शिरोरेघ पुष्कळदा सुटते. मी मुद्दाम ‘पायऱ्यांवर’ हा शब्द पाहिला. मराठीतला हा अर्धा र, वरच्या रफाराहून वेगळा, आडव्या चंद्रकोरीसारखा काढावा लागतो. आचाऱ्याला आचार्य करून टाकणारी चूक इथेच होते आणि छापखान्यांत ती सर्रास होते. बाईंनी तो नेमका काढला होता. कार्ड पोस्टकार्डाएवढे आहे, आणि मजकूर त्यांनी सहा ओळींत, मोठ्या अक्षरात बसवला, कारण आत्याच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, हे मी बोलता बोलता सांगितले होते. हाच मजकूर त्या ॲपच्या १०० खुणांच्या चौकटीत टाकून पाहिला असता, तर वेणीचे पहिले वाक्यच ८२ खुणांचे भरते. पुढचे सगळे बाहेर राहिले असते.

कार्डावर लिहिण्यासाठी त्या साधे बॉलपेन वापरतात. जेलपेनाची शाई अधिक सुंदर दिसते, पण गुच्छावर पाणी शिंपडलेले असते आणि एक थेंब पडला तरी ती पसरते, तर बॉलपेनाच्या तेलकट शाईला पाण्याने विशेष काही होत नाही. दुकानात गुळगुळीत चकचकीत कार्डेही आहेत. ती घेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यांवर कोणतीच शाई लवकर वाळत नाही आणि बोट लागले, की अक्षर फराटते. मी हात लावून पाहिले आहे. साध्या, किंचित खरबरीत कागदाचे पिवळसर कार्ड ४० रुपयांना आहे, तेच घ्यावे. हस्तलेखनाचे ५० रुपये वेगळे पडतात.

फुलांविषयी थोडक्यात लिहिते. मी शेवटी निशिगंध घेतला, तोही एकेरी पाकळ्यांचा. दुहेरी निशिगंध फुलदाणीत भरगच्च दिसतो, पण वास एकेरीला जास्त येतो, आणि हा वास रात्री चढत जातो. उशाशी ठेवायला सांगायचे, तर रात्री दरवळणारे फूल हवे, हा विचार त्यामागे होता. मजकूर आधी ठरला आणि फूल त्यावरून ठरले, असे माझ्याबाबतीत प्रथमच घडले. मालकांना सगळा गुच्छ पांढरा करणे पसंत नव्हते. वाढदिवसाला नुसती पांढरी फुले बरी दिसत नाहीत, असे ते दोनदा म्हणाले, आणि त्यांच्या आग्रहाखातर मी सात गुलाबी गुलाब घालू दिले. ते चांगले दिसले, हे मान्य करते. फुलांचे ६५० रुपये झाले आणि घरपोच पोहोचवण्याचे ८०.

दोन तक्रारी आहेत. पहिली प्लास्टिकची. मी कागदात गुंडाळून द्या, असे स्पष्ट सांगितले होते, तरी गुच्छ कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये आला, वर चमकीची फीत, आणि आत देठांना ओला कापूस व पुन्हा प्लास्टिकची पिशवी. एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकच्या आत वाफ धरते आणि गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या करपल्यासारख्या होतात. सातांपैकी दोन गुलाबांचे तसे झालेच. दुसरी तक्रार वेळेची. मी साडेनऊची वेळ ठरवली होती आणि फुले दहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचली. चाळीस मिनिटे इतर दिवशी काहीच नव्हेत, पण तोवर शेजारच्या दोघी आत्याला भेटायला आल्या होत्या, आणि ती एकटी असताना कार्ड तिच्या हाती पडावे ही माझी इच्छा राहून गेली. नंतर मी दुकानात हे सांगितले तेव्हा मालकांनी काही सबब सांगितली नाही, घरपोचचे पैसे परत देऊ केले. मी ते घेतले नाहीत, पण पुढच्या वेळी कागद वापरायचे कबूल करून घेतले.

या उशिरामुळे एक गोष्ट मला शिकायला मिळाली, ती फुले पाठवू इच्छिणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल. फुलांबरोबरचे कार्ड क्वचितच एका माणसाने वाचले जाते. ते आणणारा मुलगा वाचतो, दार उघडणारी सून वाचते, आलेला पाहुणा ‘बघू काय लिहिलंय’ म्हणून हात पुढे करतो, आणि वयस्क माणसाला तर ते कोणी तरी मोठ्याने वाचूनच दाखवते. आत्याला ते तिच्या सुनेने वाचून दाखवले, शेजारणींच्या देखत. आई दवाखान्यात का होती, त्या दिवसांत घरात काय चालले होते, हे मी कार्डावर लिहिले नव्हते याचा मला मोठा दिलासा वाटला. वेणीचा उल्लेख बाकीच्यांना एक गोड आठवण म्हणून ऐकू गेला. त्यामागचे रडणे कशाचे होते, ते ज्या एकीला ठाऊक होते तिला ठाऊक होते. पाकीट बंद असले तरी ते सर्वांसमोर उघडले जाईल, हे धरूनच लिहावे, आणि बाईंनी ही सूचना आधीच द्यायला हवी होती, असे मला वाटते. त्यांना मी तसे कळवले आहे आणि त्यांनी ते आपल्या वहीत टिपून घेतले.

ज्यांना तिथे जायचे असेल, त्यांनी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान जावे आणि एक दिवस आधी जावे. बाई रविवारी येत नाहीत. त्या नसताना दुकानातला मुलगा संगणकावर मजकूर छापून चिठ्ठी लावून देतो. देवनागरी त्यात नीट उमटते, चौकोन येत नाहीत, परंतु अक्षर बारीक असते आणि नमुना आधी दाखवला जात नाही. फोनवरून मजकूर सांगण्याची सोय आहे, ती मी वापरलेली नाही आणि वापरणारही नाही. तिथे उभे राहून, कोणती फुले आणि का, हे बोलत असतानाच मला माझे वाक्य सापडले होते. वडीलधाऱ्या माणसाचा वाढदिवस घरात तिथीने होत असेल तर दुकानात इंग्रजी तारीख सांगताना पंचांग पाहून सांगावी. आमच्याकडे या वर्षी तिथी आणि तारीख यांत बऱ्याच दिवसांचे अंतर होते आणि मालकांनी मला ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळी औक्षणाच्या गर्दीत आत्या माझ्याशी या विषयावर काहीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तेव्हा निशिगंध तांब्याच्या तांब्यात तिच्या उशाशी होता. खालची फुले आधी उमलतात आणि आधी कोमेजतात, ती तिने खुडून काढली होती आणि वरच्या कळ्या उमलत होत्या. देवघरात डोकावले, तर बाळकृष्णापुढे एकच फूल होते. माझी नजर गेलेली पाहून ती म्हणाली, “एक ठेवलं गं त्याच्यापुढं. बाकीचं तुझं ऐकलंय.” मग तिने मला पाठमोरे बसायला सांगितले आणि माझ्या आता आखूड झालेल्या, पिकलेल्या केसांतून बराच वेळ फणी फिरवली.